कर लावा म्हणून सांगायला गेले तेव्हा

नवं घर उभं राहिल्यावर विजेच्या मीटरसाठी मी मोखाड्याच्या वीज कचेरीत गेले. घरधनी ठाण्याला बांधकामावर, त्यामुळे ही धावपळ माझ्याच वाट्याला आली. खिडकीतल्या बाईंनी कागद चाळले आणि म्हणाल्या, "नव्या घराचा घरपट्टीचा उतारा कुठंय?"

तो नव्हताच. घरपट्टी लागत होती ती जुन्या, कुडाच्या घराला. ते पाडून त्याच जागी आम्ही विटांचं बांधलं, पण ग्रामपंचायतीला कळवलं नव्हतं. पक्क्या घराला कर जास्त, एवढंच ऐकून होतो, म्हणून सगळे गप्प.

घरी आले तेव्हा सासरे ओट्यावर नाचणी पाखडत होते. त्यांना सगळं सांगितलं.

"आपण व्हऊन कर मागायचा?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "ते टेप आणतील. टेप लागली का जागा गेली समज, पोरी."

तरुणपणी कुठल्याशा मोजणीत डोंगरउतारावरचा त्यांचा एक तुकडा गेला होता. ती भीती अजून अंगात होती. मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन अर्ज दिला.

ग्रामसेवक अर्ज वाचून हसले. "कर लावा म्हणून सांगायला फारसं कुणी येत नाही, ताई."

ते मोजायला आले तेव्हा सासरे दारात उभे राहिले, दोन्ही हात चौकटीला लावून. ग्रामसेवकांनी टेप खिशातच ठेवली आणि ओट्यावर बसून पाणी मागितलं.

"बाबा, जमीन सातबाऱ्यावर असते. तिला मी हात लावत नाही. मी फक्त घर बघतो. लांबी-रुंदी किती, भिंत मातीची का विटांची, वर पत्रा का स्लॅब. त्यावरून कर बसतो. जास्त वाटला तर हरकत घ्या, सुनावणी होते."

सासऱ्यांनी छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "वर पत्राच हाय. नीट लिवा." आणि चौकटीवरचे हात काढले. आत गेल्यावर टेपेचं दुसरं टोक त्यांनीच धरलं.

"मालक म्हणून नाव कुणाचं?"

"माझ्या पोराचं," सासरे म्हणाले.

मी विचारलं, "माझं पण लावता येतं ना?"

ग्रामसेवकांनी होकारार्थी मान हलवली आणि सासऱ्यांकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"लावा," ते म्हणाले. "पायाचे दगड हिनंच वाह्यले. तो व्हता ठाण्याला."

ग्रामपंचायतीच्या बैठकीत नोंद मंजूर झाली, उतारा मिळाला, मीटरही बसलं. कर जुन्या घरापेक्षा वाढला, पण आम्ही घाबरलो होतो तेवढा नाही. शिमग्याला घरधनी आले. त्यांनी उतारा दोनदा वाचला आणि शेजाऱ्यांना दाखवायला घेऊन गेले.

पुढच्या ग्रामसभेला मी गेले. आजवर मागे बसून उठून यायचे. त्या दिवशी उभी राहिले आणि विचारलं, "घर माझ्याही नावावर आहे, पट्टी मी भरते. आमच्या वरच्या पाड्याला नळ कधी येणार?"

आता पाण्याच्या टाकीपासून वर पाड्यापर्यंत नळाच्या पाइपासाठी चर खणायचं काम सुरू आहे. दुपारची भाकरी घेऊन पाड्यातल्या बाया तिथं बघायला जातात. सासरे तर खणणाऱ्यांना सकाळपासून सूचना देत असतात.