ऑगस्टची रजा

आमच्या ऑफिसात रजांचा तक्ता मी करतो. दुबईत ऑगस्ट म्हणजे नुसती भट्टी. त्यात शाळा बंद, त्यामुळे जो तो पळायला टपलेला. म्हणून आमचा एक अलिखित नियम आहे: ऑगस्टची रजा आधी मुलंबाळं असलेल्यांना, एकट्यादुकट्याने हिवाळ्यात जावं. मला तो नियम फार न्याय्य वाटायचा, कारण मला दोन मुलं आहेत.

डिझाइनमध्ये एक स्कॉटिश बाई आहे. साठीला टेकलेली, दुबईच्या मरीना भागात एकटी राहणारी. दर ऑगस्टला ती एडिंबराला जायची. तिथे म्हणे महिनाभर गावभर नाटकं चालतात, चर्चच्या हॉलात, शाळेच्या वर्गात, पबच्या तळघरातसुद्धा. चौकाचौकात फिडल वाजवणारे, तंबूत लेखकांची भाषणं. तिची मोठी बहीण एका हौशी मंडळात काम करायची. हे सांगताना एरवी अबोल असणारी बाई थांबायची नाही.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टच्या एकाच आठवड्यासाठी तिघांचे अर्ज आले. कुणाला तरी थांबवणं भाग होतं. मी तिला थांबवलं. उरलेल्या दोघांतला एक मी होतो.

ती माझ्या टेबलापाशी आली. "बहिणीचं नाटक आहे. चारच दिवस द्या, प्लीज."

"नाटकच ना?" मी हसत म्हणालो. "यंदा फॅमिलीवाल्यांना जाऊ द्या. पुढच्या वर्षी इन्शाल्ला पहिलं नाव तुमचं."

ती "ओके" म्हणून गेली.

आणि हे बोलणारा मी कोण? तर करामा भागातल्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकासाठी डोकेदुखीचं सोंग करून ऑफिसातून चारला सटकणारा माणूस! घरी माझी सगळी वाक्यं बायकोच घोटून घेते. ती म्हणते, "तुझं अप्रेझल नाटकावर झालं असतं ना, तर एव्हाना डायरेक्टर झाला असतास."

त्या सप्टेंबरात प्रयोगाचं आमंत्रण मी अख्ख्या ऑफिसला दिलं. आली फक्त ती स्कॉटिश बाई. एक अक्षर कळत नसताना दोन्ही अंक पहिल्या रांगेत बसून राहिली. मी मेकअप न पुसताच तिला गाठलं आणि विचारलं, "कसं वाटलं?"

"तुम्हाला सगळं पाठ होतं," ती म्हणाली. "माझ्या बहिणीला यंदा अर्ध्यातच स्टेजवरून उतरावं लागलं. दोन वर्षांपासून तिला विसर पडतोय. मी समोर बसून ओठ हलवायचे, मग तिला वाक्य सापडायचं."

"अहो, आधी का नाही सांगितलंत?"

"तुमच्या तक्त्यात मुलं किती, एवढाच रकाना होता."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. माझी मलाच इतकी लाज वाटली की घरी जाऊन जेवण गेलं नाही.

पुढच्या वर्षी मी तिचं नाव तक्त्यात सगळ्यात वर घातलं. तिने ते स्वतः खोडलं. "मुलं असलेल्या कुणाला तरी द्या," ती म्हणाली. "बहीण आता नाटकात नसते."

मी मुलांचा रकाना काढून टाकला. त्याने कुणाचं काय भलं झालं, ठाऊक नाही.

परवाच्या प्रयोगात दुसऱ्या अंकात माझं वाक्य अडलं. डोकं रिकामं. समोर पाहिलं, तर पहिल्या रांगेत बायको ओठ हलवत होती. मला वाक्य सापडलं, पण ते म्हणायला तोंड उघडेना.