उद्घाटनाचा नारळ

खेळाच्या मैदानावर सगळे समान असतात, असं आमचे प्राचार्य दरवर्षी गंभीरपणे सांगत. सत्तरच्या दशकात सोलापूरच्या आमच्या कॉलेजातल्या फुटबॉल संघात अकरा जण होते आणि बूट तिघांकडे. बाकीचे आठ अनवाणी खेळत. नियमात ते बसत नव्हतं, पण पंच खाली बघायचं टाळत. बघितलं असतं तर सामनेच झाले नसते.

मी बूटवाल्यांपैकी होतो, त्यामुळे माझा खेळ बेताचा असला तरी संघातली जागा पक्की होती. खरा खेळाडू होता उजवीकडून धावणारा एक विणकराचा मुलगा. पहाटे वडिलांच्या मागावर बसायचा आणि मग कॉलेजला यायचा. विद्यापीठाच्या संघात निवड झाली, तर खेळाडूंच्या राखीव जागेवर रेल्वेत नोकरी मिळण्याची आशा असे. तो म्हणायचा, "एकदा घेऊ देत की. परत मागाचं तोंड बघणार नाही."

हंगामाच्या पहिल्याच सामन्याला कोल्हापूरहून विद्यापीठाच्या निवड समितीचे एक गृहस्थ आले. ते फक्त हा एकच सामना बघून परतणार होते. पण सामन्याआधी उद्घाटन होतं. उद्घाटक एक स्थानिक पुढारी. ते तासभर उशिरा आले, अर्धा तास बोलले, आणि मग मैदानाच्या बरोबर मध्यावर दगड ठेवून त्यांनी नारळ वाढवला. दोनदा तो फुटला नाही. तिसऱ्यांदा इतका फुटला, की करवंटीच्या ठिकऱ्या दहा हातांवर उडाल्या. खोबरं लगेच गोळा झालं. ठिकऱ्या मुरमाच्या रंगाच्या. त्या तिथंच राहिल्या.

आमच्यातला एक जण खराटा घेऊन धावला. जिमखान्याच्या सरांनी त्याला अर्ध्यात अडवलं.

"खराटा? पाहुण्यांच्या देखत? अपशकुन करतोस का?"

"सर, पोरं अनवाणी हायत की."

"मग बघून पळा."

मी त्या विणकराच्या मुलाला माझे बूट देऊ केले. तो हसला. "बूट घातले की मला पळता येत नाही रे. तुला तरी कुठं येतंय?"

पाहुण्यांनी चेंडूला पाय लावला, फोटो निघाला, आणि ते हार सांभाळत खुर्चीवर जाऊन बसले. सामना सुरू झाला. पाचव्या की सहाव्या मिनिटाला चेंडू घेऊन मध्यावरून वळताना तो मुलगा मटकन खाली बसला. मी धावत गेलो.

"खडा असेल. काढ की," तो म्हणाला.

खडा नव्हता. अंगठ्याच्या नखाएवढी ठिकरी टाचेत उभी घुसली होती. मी ती उपसली तसं रक्त वाहायला लागलं. सर आले, वाकून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "तिकडून मागच्या बाजूनं जा. पाहुण्यांच्या समोरून नको."

टाचेला रुमाल बांधून तो परत उतरला. एका पायावर जेवढं पळता येतं तेवढं पळाला. कोल्हापूरचे गृहस्थ वहीत काहीतरी लिहीत होते. मध्यंतराला ते त्याच्याजवळ येऊन म्हणाले, "पाय बरा झाला की कळव." कुठे कळवायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

इतकी वर्षं झाली, पण माझा राग गेलेला नाही. त्या पुढाऱ्यावर मात्र राग नाही. त्याला बिचाऱ्याला नारळ फोडायला बोलावलं होतं, त्याने फोडला. राग आहे तो खराटा परत नेऊन ठेवणाऱ्या आम्हा दहा जणांवर. खराटा हातात होता. झाडायला दोन मिनिटं लागली असती. आम्ही सरांना घाबरलो, आणि सर खुर्चीवरच्या माणसाला.

पुढचे सामने आम्ही त्याच्याविना खेळलो आणि रीतसर हरलो. महिन्याभराने विद्यापीठाचं पत्र आलं. आमच्या कॉलेजातून एकाची निवड झाली होती. जिमखान्याच्या सरांची, संघाचे व्यवस्थापक म्हणून.