कोरा रकाना

प्लास्टिक सर्जनच्या दवाखान्यात एक बाई पोटाच्या शस्त्रक्रियेचा अर्ज भरत होती. तिची मुलगी दोन वर्षांची झाली, तरी पोटाची कातडी सैलच राहिली होती. सोबत आई होती.

"बाळंतपणात लुगड्यानं पोट बांधून द्यायचे, तर रोज सोडून टाकायचीस."

"आई, सगळ्यांना ऐकू जातंय."

'आणखी मूल हवे आहे का?' या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. पुन्हा गरोदर राहिल्यास पोट परत ताणलं जातं, म्हणून डॉक्टर हे आधी विचारतात. शरीर तिचं, निर्णयही तिचाच. पण शस्त्रक्रियेची तारीख अजून न जन्मलेल्या कुणाच्या तरी हाती होती.

रकाना कोराच ठेवून तिनं अर्जाची घडी पर्समध्ये टाकली.

"मग?" आईनं विचारलं.

"आधी हे ठरवते. पोट काही पळून जात नाही."