बेल ऐकल्याशिवाय

वाऱ्याने सकाळपासून उच्छाद मांडला होता. रस्त्यावरची धूळ ओंजळीने उचलून दुकानांच्या तोंडावर मारत होता, गच्च्यांवरचे कपडे ओढत होता, आणि शेजारच्या गॅरेजच्या पत्र्याच्या दाराला तर असा बडवत होता की आतल्या माणसाशी त्याचं जुनं वैर असावं. गॅरेज कधीचं बंद पडलेलं, आत माणूसच नव्हता. पण वाऱ्याला कोण सांगणार?

शूबाई खुर्चीवर चढून खिडकीच्या फटींत जुन्या चादरीच्या चिंध्या कोंबत होती. ऊन, पाऊस, थंडी यांच्याशी तिचं काही भांडण नव्हतं. वारा मात्र दुश्मन. फटी बुजवल्या, पंखा बंद केला, पलीकडच्या खोलीतल्या फ्रीजचा प्लग काढला, कारण तो मधूनच आजारी म्हाताऱ्यासारखा कण्हायचा. मग हात झटकून ती कॉम्प्युटरपुढे बसली.

ही जागा म्हणजे बोलत्या पुस्तकांचं ग्रंथालय. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी माणसं इथे येऊन पुस्तकं वाचायची, ती रेकॉर्ड व्हायची आणि घरोघरी ऐकली जायची. वाचणारे सगळे हौशी. पगारावर दोघीच, वरच्या खोलीत मॅडम आणि खाली ही. रेकॉर्डिंग चालू असताना जिन्यात कुणी शिंकलं तरी ही दार किलकिलं करून, ओठांवर बोट ठेवून "शूऽऽ" करायची. पोस्टमनपासून टँकरवाल्यापर्यंत सगळ्यांना तिने असं गप्प केलेलं. त्यावरून नाव पडलं ते पडलंच. आधी राग आला. मग ती स्वतःच फोन उचलून "शूबाई बोलतेय" म्हणायला लागली आणि चिडवणाऱ्यांच्या चिडवण्यातली हवाच गेली.

वाचून झालं की तिचं खरं काम सुरू व्हायचं. कच्चा आवाज एका प्रोग्रॅममधून गाळायचा, म्हणजे खरखर नि पानांची सळसळ निघून जाते. दुसऱ्या प्रोग्रॅमने तुकडे जोडायचे. तिसऱ्याने दाबून लहान करायचे. आधी हे सगळं हाताने चालायचं. एक उघड, फाइल दे, ताटकळत बस, बंद कर, पुढचा उघड. मनगट सुजलं तेव्हा डॉक्टरने पट्टा बांधायला दिला. शूबाईने तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि स्क्रिप्ट लिहायला शिकली. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला ओळीने सांगून ठेवलेली कामं. तिची स्क्रिप्ट स्वतः आवाजाला हातही लावत नसे. ती नुसती बाहेरच्या प्रोग्रॅमना नावानिशी हाक मारायची: तू ये, हे गाळ, तू ये, हे जोड, तू ये, हे आवळ. सगळं झालं की कच्चा माल पुसून टाकायची, कारण डिस्क इवलीशी, दोन पुस्तकांत गळ्यापर्यंत भरायची.

शिकताना तिने घरी, दारी, बसमध्ये कुणाचं डोकं खायचं बाकी ठेवलं नव्हतं. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "आमची सून मशीनला हाका मारते, ते लगेच येतं. मी हाका मारते तर सून येत नाही."

तर त्या सकाळी शूबाईने कानांवर हेडफोन चढवले. काल संपलेलं पुस्तक पाठवण्यापूर्वी एकदा ऐकायचं होतं. धरणाच्या कामावर राबणाऱ्या माणसांची जाडजूड कादंबरी, आणि आवाज कंडक्टरकाकांचा.

कंडक्टरकाका म्हणजे खरोखरच बसचे निवृत्त कंडक्टर. उभा जन्म गच्च भरलेल्या गाडीत मागच्या दारापासून पुढच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं बोलण्यात गेलेला, त्यामुळे आवाज भरदार. पण ते वाचायचे मात्र असं की ऐकणाऱ्याला वाटावं, काका आपल्याच शेजारच्या सीटवर बसून सांगतायत. त्यांच्या आवाजाला मागणी इतकी की लोक पुस्तकाचं नाव विचारायचेच नाहीत; "काकांचं नवं काय आहे?" एवढंच. आणि आता त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. गाठ काढायची होती. "नंतर आवाज राहील का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही," असं डॉक्टर म्हणाले होते. "काय बोलायचं ते आत्ता बोलून घ्या." त्यावर काकू म्हणाल्या होत्या, "हे काय सांगताय डॉक्टर, आधीच हे थांबत नाहीत!"

आज संध्याकाळी त्यांना दवाखान्यात दाखल व्हायचं होतं.

शेवटचं प्रकरण सुरू झालं. धरणाचे दरवाजे बंद होतात, पाणी चढायला लागतं, म्हातारी घरातून बाहेर पडायला तयार नसते. मुलगा उंबऱ्यात उभा राहून म्हणतो, "आई, आता तरी..."

आणि पुढे काही नाही.

शूबाईने मागे नेऊन पुन्हा लावलं. "आई, आता तरी..." आणि शांतता. त्या पुस्तकाच्या कच्च्या मालाचा फोल्डर उघडला तर तो लख्ख रिकामा. तिच्याच स्क्रिप्टने पुसलेला.

कारण शोधायला तिला वेळ लागला नाही, आणि त्याचंच तिला जास्त लागलं. गाळणाऱ्या प्रोग्रॅमला स्क्रिप्ट हाक मारायची खरी, पण त्याचं काम होईस्तोवर उभी राहत नव्हती. ही गोष्ट शूबाईला ठाऊक होती. म्हणून तिने मध्ये एक ओळ घातली होती: थोडा वेळ थांब. किती थोडा? तर अंदाजाने. आजवरची प्रकरणं लहान, तेवढ्यात उरकायची. हे शेवटचं लांबलचक निघालं. प्रोग्रॅम अर्धे तुकडे गाळून पुढचे हातात घ्यायला निघाला, तोवर स्क्रिप्टने झाले तेवढे जोडले, आवळले आणि उरलेले त्याच्या पुढ्यातून पुसून टाकले. भांडी घासायला माणूस बसवावा आणि त्याचं अर्धं व्हायच्या आत उरलेली भांडी कचऱ्यात फेकावी, तसं.

पुसलेलं परत आणायचा एक प्रोग्रॅम तिच्याकडे होता. तो चालवला. काल दुपारीच त्या जागेवर दुसऱ्या वाचकाचं पुस्तक रेकॉर्ड झालं होतं. त्या गर्दीत काकांचा एक शब्दही सापडला नाही.

मॅडम खाली आल्या, ऐकलं, खुर्चीत बसल्या. "अगं, बँकेतल्या त्या मुलीला बोलावू. छान वाचते. उरलेली पानं तिच्याकडून करून घेऊ."

"मधूनच? मुलगा उंबऱ्यात उभा असताना?"

"लोक समजून घेतील."

"लोक घेतील, मॅडम. मी नाही घेणार."

"काका आज दाखल होतायत. त्यांना कशाला त्रास?"

"दुपारनंतर त्यांचा आवाज फाटतो. सकाळचा धड असतो. आत्ता सकाळच आहे." शूबाईने फोन उचललासुद्धा होता.

पलीकडून काकू बोलल्या. पिशवी भरून झाली होती. "येतो," एवढंच म्हणाल्या. का, कशाला, काही नाही.

ते येईस्तोवरचा वेळ शूबाईने रडण्यात घालवला नाही. पदर खोचावा तशा बाह्या सारल्या आणि स्क्रिप्ट उघडली. आधी ती अंदाजाची ओळ खोडली. हाक अशी बदलली की बोलावलेला प्रोग्रॅम काम संपवून परत येईपर्यंत स्क्रिप्टने जागचं हलायचं नाही, मग दिवस मावळला तरी बेहत्तर. परत येताना प्रत्येक प्रोग्रॅम एक आकडा ठेवून जातो. शून्य असेल तर काम नीट झालं, दुसरं काही असेल तर घोळ आहे. हा आकडा तिने आजवर कधी विचारलाच नव्हता. आता तो विचारायचा, शून्य नसेल तर तिथल्या तिथे थांबायचं. आणि पुसायची ओळ तिने काढूनच टाकली. पुसायचं ते यापुढे आपण ऐकून, आपल्या हाताने.

मग तिने एक जुनी फाइल देऊन स्क्रिप्ट चालवली, आणि गाळणारा प्रोग्रॅम रंगात आलेला असताना मुद्दाम मधेच बंद पाडला. स्क्रिप्ट थबकली. पडद्यावर तांबड्या अक्षरात आलं: गाळणं अपुरं, पुढे जात नाही.

"जाऊ नकोसच," शूबाई तिला म्हणाली.

काका आले ते मफलर गुंडाळून, मागोमाग काकू, हातात दवाखान्याची पिशवी. शूबाईने त्यांना बसूही दिलं नाही. उभ्याउभ्याच सांगितलं.

"काका, काल वाचलेलं अर्धं गेलं. माझ्या हातून गेलं."

काकूंनी पिशवी खाली ठेवली.

"कसं गेलं?" काका म्हणाले.

"मागे माणसं चढतायत की उतरतायत ते बघितलं नाही. बेल न ऐकता गाडी काढली मी."

काकांनी तिच्याकडे बघितलं. हसायला गेले तर खोकला आला. "अगं, आमच्या ड्रायव्हरने असं केलं असतं तर मी त्याला स्टँडवर सगळ्यांदेखत धुतला असता."

"धुवा की. पण आधी वाचा. आवाज वाया घालवू नका."

"बघितलंत?" काकू म्हणाल्या. "चूक हिची आणि दम तुम्हाला."

"आता बेल बसवलीस का?" काकांनी विचारलं.

"बसवली. तोडूनही बघितली. गाडी हलत नाही."

काकांनी मफलर सोडला आणि काचेपलीकडच्या खोलीत जाऊन बसले. शूबाईने पाण्याचा ग्लास ठेवला, माइक त्यांच्या तोंडाशी आणला. एक ओळ वाचून झाली तोच शेजारचं दार धाडकन वाजलं. पुन्हा सुरुवात, पुन्हा धाडकन. तिसऱ्यांदा काकांनी घसा खाकरला आणि तो खाकरल्यावरही साफ झाला नाही. शूबाईला ते ऐकू आलं.

"काकू, इकडे या. हे लाल बटण. मी हात वर केला की दाबायचं, काका हात वर करतील तेव्हा परत दाबायचं. मधे जग बुडालं तरी हात लावायचा नाही."

"आणि तू कुठे निघालीस?"

ती बाहेर पडलीसुद्धा होती. गॅरेजच्या पत्र्याला पाठ लावली, टाचा जमिनीत रोवल्या आणि खिडकीच्या काचेतून आत दिसेल असा हात वर केला. वारा दाराला मागून ढकलत होता, ही पुढून रेटत होती. डोळ्यांत धूळ, केस तोंडावर. रस्त्याने चाललेला पोस्टमन थांबला. "शूबाई, दार पळून चाललंय का?"

"शूऽऽ!"

पोस्टमनने पिशवी खांद्यावरून उतरवली, काही न विचारता दाराच्या दुसऱ्या फळीला पाठ लावली आणि तोंड मिटून उभा राहिला.

काचेतून तिला काकांचे ओठ दिसत होते. आवाज मुळीच येत नव्हता. म्हातारी उंबरा ओलांडतेय की नाही, तिला कळत नव्हतं. पान उलटून काकांनी पाणी घेतलं, डोळे मिटून क्षणभर थांबले, पुन्हा सुरू झाले. शूबाईची पाठ भाजल्यासारखी दुखत होती. ती तसूभर हलली नाही.

अखेर काकांनी पुस्तक मिटलं. हात वर केला आणि डोक्यावरची बेलची न दिसणारी दोरी दोनदा ओढली.

शूबाई आत आली तेव्हा काका बोलत नव्हते. आवाज घोगरा होऊन बसला होता. त्यांनी नुसती मान कॉम्प्युटरकडे केली. तिने स्क्रिप्ट चालवली. तिघंही पडद्यासमोर उभी. गाळणं चालू. चालूच. काकूंनी विचारलं, "अडकलं का गं?"

"काम करतंय. करू दे."

मग आलं: शून्य. जोडणं. शून्य. आवळणं. शून्य. शूबाईने हेडफोन लावले, आणि धुळीने माखलेल्या चेहऱ्याने सगळं ऐकलं, शेवटच्या शब्दापर्यंत. आवाज कालच्यापेक्षा जाड होता, मधे दोन ठिकाणी चिरकला होता. म्हातारी उंबऱ्यातून बाहेर पडताना दार ओढून घेते, तिथे तर तो जवळजवळ गेलाच होता. तिने ते गाळलं नाही.

"आलं?" काका कुजबुजले.

"सगळं आलं."

काकांनी मफलर गुंडाळला. काकूंनी पिशवी उचलली. दारातून वळताना काकांनी शूबाईकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. "आता मला कर शू," एवढं त्यांच्या ओठांवरून कळलं. ती हसली.

मॅडमनी वरून हाक मारली. दुपारच्या वाचकाचा फोन होता, तो निघाला होता. शूबाईने काकांचा ग्लास विसळला. एका फटीतली चिंधी वाऱ्याने उडवून टेबलावर आणून टाकली होती. ती उचलून तिने खुर्ची ओढली आणि खिडकीशी चढली.