‘दुर्मिळ’, किंमत इनबॉक्समध्ये

रहस्यकथांची मासिकं मी एक दिवस विकत घ्यायला निघेन, असं नोकरीत असताना मला कुणी सांगितलं असतं, तर त्याला मी वर्गाबाहेर उभं केलं असतं. धारूरच्या शाळेत मी तीस वर्षं मराठी शिकवलं. मुखपृष्ठावर पिस्तूल, पिस्तुलामागे किंचाळणारी बाई, आणि आत पिवळट कागदावर तीन खून नि तीनशे शुद्धलेखनाच्या चुका. असलं मासिक एखाद्याच्या दप्तरात सापडलं की मी ते जप्त करून हेडमास्तरांच्या टेबलावर नेऊन ठेवत असे. हेडमास्तर ते घरी नेऊन वाचत. त्यांच्याबद्दलही माझं मत फारसं बरं नव्हतं.

गेल्या वर्षी बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दोन महिने तिला खाटेवरून फारसं उठायचं नव्हतं. मुलीनं तिला फोनवर मालिका लावून दिल्या. चार दिवस तिनं त्या बघितल्या आणि फोन उशाखाली सारला.

“एवढ्या बाया एकमेकीवर जळत्यात,” ती म्हणाली, “आन कुणीच कुणाला मारत कावून न्हाई?”

मी हसलो. ती हसली नाही.

“अवो, ती खुनाची मासिकं मिळतील का कुठं? मी माहेरून आणली व्हती तसली.”

ती मासिकं मला चांगली आठवत होती. लग्न होऊन ती दिंद्रुडहून आली तेव्हा तिच्या पेटीत लुगड्यांखाली वीसेक अंक होते. मराठीच्या शिक्षकाच्या घरात ही घाण नको म्हणून दुसऱ्याच आठवड्यात मी ते सगळे बंबात घातले. पाणी छान तापलं होतं. तेव्हा ती काही बोलली नाही, आणि नंतरची चाळीस वर्षंही नाही. मी समजत होतो की तिला माझं म्हणणं पटलं.

“ती माझी नव्हती,” ती आता खाटेवरून म्हणाली. “माझ्या मैत्रिणीची व्हती. वाचून माघारी द्यायची व्हती. पुढं तिनं माझ्याशी बोलणंच टाकलं.”

“मग त्याच दिवशी सांगायचं नाही का?”

“तुमी बंबात घातली आन अंघोळीला गेलता. सांगायला कोण व्हतं?”

त्या दिवशी संध्याकाळीच मी मुलीला फोन केला आणि म्हटलं, जुनी मासिकं ऑनलाइन कुठं मिळतात ते बघ.

तिनं मला जुन्या मासिकांच्या एका गटात घालून दिलं. हजारो माणसं त्यात. रोज सकाळी कुणीतरी ‘नमस्कार रसिकहो’ म्हणून एका अंकाचा फोटो टाकायचा. पलंगपोसावर अंक, शेजारी चहाचा कप आणि एक वाळकं पान. खाली लिहिलेलं, ‘अति दुर्मिळ! किंमत इनबॉक्समध्ये.’ मग पन्नास जण ‘वाह’, ‘काय दिवस होते ते’, ‘नशीबवान आहात’ असं लिहीत. अंकात काय आहे हे एकानंही कधी विचारलं नाही. भाजीवालीसुद्धा भाव मोठ्यानं सांगते. हे लोक मात्र चोरीचा माल असल्यासारखे कानात सांगत. आणि जी वस्तू रोज सकाळी विकायला येते ती दुर्मीळ कशी, हेही मला कळेना.

आठवडाभर मी गप्प बसलो. मग राहवेना. एका फोटोखाली मी लिहिलं, ‘शब्द दुर्मिळ असा नसून दुर्मीळ असा आहे.’ दुसऱ्या दिवशी तिघांना हेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी गट चालवणाऱ्यानं मला विचारलं, “काका, तुम्ही खरेदीला आलात की तपासणीला?” मी त्याला ‘तपासणी’चा अर्थ समजावून सांगायला लागलो, तोवर त्यानं मला गटातून काढून टाकलं.

तरी त्याआधी पुण्याच्या एका गृहस्थाकडून मी एक अंक ठरवून ठेवला होता. पैसे गेले, आठ दिवसांनी पार्सल आलं. बायको उशीला टेकून बसली, तिनं चष्मा पुसून लावला. मी पार्सल फोडलं. आत काचेची चौकट होती. चौकटीत मुखपृष्ठ. पिस्तूल, बाई, सगळं. मागं पुठ्ठा.

मी त्या गृहस्थाला फोन लावला. “आतली पानं कुठायत?”

“आतली?” त्याला प्रश्नच कळला नाही. “सर, आतलं कोण घेतं? हे कॅफेत भिंतीवर लावायला नेतात. पानं रद्दीत गेली.”

मी आयुष्यभर या मासिकांना नावं ठेवली, पण ती रचून, छापून, कुणीतरी वाचावीत म्हणून बाजारात आणणारी माणसं या माणसापेक्षा शंभर पटींनी बरी होती. मी ती मासिकं जाळली तेव्हा निदान आत काहीतरी वाईट आहे असं मानून जाळली. याच्या लेखी आत काही नव्हतंच.

पुढचा एक मुंबईचा संग्राहक निघाला. त्याच्याकडं म्हणे सहाशे अंक. त्यानं व्हिडिओ कॉलवर कपाट दाखवलं. प्रत्येक अंक प्लास्टिकच्या पिशवीत, आणि हा पांढरे हातमोजे घालून पिशव्या वर काढतोय. जणू दवाखान्यात आतडं दाखवतोय.

“यातलं चांगलं कुठलं?” मी विचारलं.

“हा बघा. एकही घडी नाही.”

“गोष्ट चांगली कुठली?”

“सर, मी उघडत नाही. उघडलं की पाठ मोडते. व्हॅल्यू जाते.”

“मग विटा जमवा,” मी म्हटलं. “त्यांनाही वाचावं लागत नाही.”

त्यानं फोन ठेवला आणि माझा नंबर ब्लॉक करून टाकला. बायको खाटेवरून हे सगळं ऐकत होती. “आणा तो फोन हिकडं,” ती म्हणाली. “तुमी नुसती भांडणं इकत घेताव.”

तिनं जुन्या वस्तू विकायचं एक अ‍ॅप उघडलं. त्यावर फ्रीज, स्कूटर, पाळणे असलं सगळं असतं. मी तिकडं बघितलंही नव्हतं. दोन दिवसांनी तिनं मला एक फोटो दाखवला. अंधारा, हललेला. फळीवर जाड बांधलेले खंड, वर धूळ. खाली एवढंच, ‘जुनी खुनाची किताबं. बीड. येऊन बघा.’

“यात काही दिसत नाही,” मी म्हटलं.

“गल्ली लिवलीय, दुकान लिवलंय. तुमच्या त्या चहाच्या कपवाल्यांनी कुणी पत्ता दिलता का?”

डॉक्टरांनी हिंडायची परवानगी दिल्यावर आम्ही धारूरहून एसटीनं बीडला गेलो. जुन्या बाजाराच्या एका बोळात बाइंडरचं दुकान होतं. खळीचा वास, दाबाखाली शाळेची रजिस्टरं. म्हातारे मियाँभाई सुईत दोरा ओवत बसले होते. फोटो त्यांच्या लेकीनं टाकला होता. त्यांनी वर न बघताच विचारलं, “फ्रेम करायला पायजे?”

“म्हणजे?” मी म्हटलं.

“मागच्या महिन्यात एक जण आलता. म्हणे, कव्हर तेवढे फाडून द्या. मी बोललो, अगोदर तुमचा शर्ट फाडून द्या.”

मियाँभाईंबद्दल मला एकदम आदर वाटला. गेल्या दोन-तीन महिन्यांत कुणाबद्दल वाटला नव्हता.

“वाचायला पायजे,” बायको म्हणाली.

त्यांनी आता मान वर केली. “कोण वाचणार?”

“मी.”

“अगोदर वाचलेली हायत का कंची?”

तिनं स्टूल ओढून घेतलं, दुखरा पाय लांब केला आणि सांगायला सुरुवात केली. एका बंगल्यात शेठ मरून पडलेला असतो, आणि त्याच्या पायातले बूट उलटसुलट घातलेले असतात. एवढ्यावरच म्हाताऱ्यानं सुई खाली ठेवली. “डाव्याचा उजव्यात! त्यात तो डॉक्टर असतो!”

“डॉक्टर न्हाई, कंपाउंडर.”

“हां, कंपाउंडर. सही बात.”

मग पाऊण तास ते दोघं मेलेल्या माणसांबद्दल बोलत होते. चाळीस वर्षांत तिला इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. मला कुणी ‘बसा’ही म्हटलं नाही. मध्येच कळलं ते एवढं, की बस स्टँडाजवळ पूर्वी भाड्यानं पुस्तकं देणारं दुकान होतं. मियाँभाई त्या दुकानाची मासिकं सहा-सहा एकत्र बांधून द्यायचे. दुकान बंद झालं तेव्हा मालकानं सगळे खंड यांच्याकडंच सोडले.

“विकणार न्हाई, भाभी,” ते शेवटी म्हणाले. “लेकीला मी बोललो, बघायला येऊ दे लोकांना, कोण येतंय ते तर कळंल. तुमी दोन न्या. वाचून माघारी आणा. मग दुसरी न्या.”

घरी आल्यावर ती दुपारी जेवण झालं की खंड घेऊन बसे. मीही बसे, हातात पेन्सिल घेऊन. तिनं संपवलेल्या गोष्टीतल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांना मी गोल करत असे. निदान पुढच्या वाचकाला तरी कळावं. पंधरा दिवसांनी बीडला गेलो तेव्हा म्हाताऱ्यानं खंड उघडला, दोन पानं उलटली आणि त्यांचा चेहरा कडवट झाला.

“हे कुणी केलं?”

बायकोनं हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं.

त्यांनी माझ्यापुढं खोडरबर ठेवला. “सर, हितंच बसा. सगळं साफ करा. मग पुढचं मिळंल.”

हजारो पोरांना मी असं बसवलं असेल. मला कुणी बसवलं नव्हतं. खोडता खोडता डोळा ओळींवर जात होता, आणि दुसऱ्या गोष्टीच्या मध्याला माझं खोडणं थांबलं. पुतण्यानंच काकाला मारलं असणार, याबद्दल मला शंका नव्हती. परत येताना एसटीत मी तिला तसं सांगितलं.

“बायकोनं मारलं,” ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली. “तिसऱ्या पानावरच कळतंय. नवरा मेला सांगितल्यावर ती आधी दूध उतू जातंय का ते बघती.”

“पण पुतण्याचं कर्ज, त्याचं खोटं बोलणं...”

“तुमाला न्हाई कळायचं. तुमी ऱ्हस्व का दीर्घ ते बघितलं. माणसं कधी बघितलीव?”

बस घाट चढत होती. ज्या लोकांना मी दोन-तीन महिने मनातल्या मनात शिव्या देत होतो, कव्हर कापणारे, पिशवीत घालणारे, पलंगपोसावर मांडणारे, त्यांनी अंक उघडले नाहीत. मी उघडले होते, पण त्यांच्याहून फार पुढं गेलो नव्हतो.

आता दर पंधरवड्याला आमची बीडची फेरी असते. दुपारी ती मोठ्यानं वाचते, शेवटच्या प्रकरणाशी थांबते आणि विचारते, “बोला मास्तर, कुणी?” मी बहुतेक वेळा चुकतो. गेल्या आठवड्यात मात्र मी बरोबर नाव सांगितलं. तिनं भराभर शेवट वाचला, पुन्हा एकदा तपासला, आणि खंड मिटून बाजूला ठेवला.

“हा लिवणारा मास्तर असणार,” ती म्हणाली. “याचं दुसरं काय आणू नका.”