फ्यूजच्या जागी बल्ब

आमच्या जुन्या गाडीचा फ्यूज दिवाळीपासून उडत होता आणि त्यावरून घरात जी भांडणं झाली, त्यांत गाडीचा दोष सगळ्यांत कमी होता. फ्यूज गेला की हॉर्न बंद, ब्रेकचे दिवे बंद. नवा बसवला की बसवताक्षणी उडायचा. डोंबिवलीतल्या गॅरेजवाल्याने सगळं वायरिंगच बदलावं लागेल म्हणून सांगितलं. बाळकुमला राहणारा आमचा मुलगा म्हणाला, बदलताय कशाला, विकून टाका.

त्याला गाडीचं काही पडलेलं नव्हतं, काळजी होती ती वडिलांची. मागे एकदा आम्ही त्याच्याकडेच निघालो असताना शीळफाट्याला यांनी गाडी कडेला घेतली आणि आपण कुठे चाललोय, असं मला अगदी शांतपणे विचारलं. मी सांगितल्यावर "हं" म्हणाले आणि आम्ही नीट पोचलो. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, मुलाला हे कळलंच. तेव्हापासून त्याचं एकच पालुपद, बाबांना गाडी चालवू देऊ नकोस.

मला ते पटत नव्हतं. खरं म्हणजे पटवून घ्यायचं नव्हतं. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात यांनी सगळी नोकरी मशिनच्या वायरिंगमधले बिघाड शोधण्यात काढली. म्हणून मी मनाशी ठरवून टाकलं की, फ्यूज उडवणारा हा शॉर्ट यांनी स्वतः शोधला तर यांचं डोकं ठिकाणावर आहे आणि गाडी राहील. नाही सापडला तर मुलाचं ऐकायचं. यांना मात्र एवढंच म्हटलं, त्या गॅरेजवाल्याला काय कळतंय, तुम्हीच बघा. आमच्या यांना कामाला लावायला तेवढं पुरतं.

रविवारी सकाळी आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरलो. यांनी मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, फ्यूज काढला आणि त्याच्या जागी वायर जोडलेला एक बल्ब लावला. तो लगेच पेटला.

"फ्यूज जळून जातो, मग काही कळत नाही," हे म्हणाले. "बल्ब जळत नाही. शॉर्ट आहे तोवर पेटलेला राहील, सुटला की विझेल. तू फक्त बघत राहा."

मी डोळ्यांत तेल घालून बघत राहिले. यांनी आधी ब्रेकच्या पेडलजवळची वायर सुटी केली. बल्ब पेटलेलाच. मग बॉनेट उघडून हॉर्नची पिन काढली, तरी पेटलेलाच. म्हणजे हॉर्न चांगला आहे, मधली वायर कुठेतरी पत्र्याला लागतेय, असं यांनी मला समजावलं. मग ती वायर धरून हे वीत वीत पुढे सरकू लागले. जरा हलवायचे, मला विचारायचे, मी नाही म्हणायचे. एकदा तपासलेली जागा हे पुन्हा तपासतील, अशी मला धास्ती होती. एकदाही तसं झालं नाही. तोंडाने कसलंसं गाणं गुणगुणत होते, आणि मला इतकं बरं वाटलं की मुलाला फोनवर काय काय सुनवायचं, तेही मी जुळवून ठेवलं.

बल्ब विझला. मी तसं ओरडून सांगितलं.

"ये, बघ," हे म्हणाले.

समोरच्या जाळीला तांब्याची उघडी तार गुंडाळलेली होती. तिचं टोक मागे वळून हॉर्नच्या वायरवर टेकलेलं, आणि गाडीच्या हादऱ्यांनी वायरचं आवरण तिथे घासून गेलेलं. तारेत झेंडूचा एक सुकलेला देठ अडकला होता. यांनी पकडीने तार कापली, वायरवर काळी टेप गुंडाळली आणि तारेचा तुकडा माझ्यासमोर धरला. चेहरा लालबुंद झाला होता.

"ही उघडी तार इथे कोणी बांधली? एवढी साधी अक्कल नाही माणसाला?"

दसऱ्याला गाडीच्या पूजेच्या वेळी हाराचा दोरा अपुरा पडला होता. तेव्हा हे वर जाऊन आपल्या खणातून तार घेऊन आले आणि हार यांनीच बांधला. मी कुंकवाचं ताट घेऊन शेजारीच उभी होते. यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्या डोळ्यांत त्यातलं काही म्हणजे काही नव्हतं.

"मी बांधली," मी म्हटलं.

"तरीच. पुढच्या वेळी मला सांगत जा."

मग फ्यूज बसवला. हॉर्न वाजला, ब्रेकचे दिवे लागले. हे लहान मुलासारखे खूश झाले. शीळफाट्यापर्यंत एक चक्कर मारून येऊ म्हणाले आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

किल्ली माझ्या मुठीत होती. मी ती दिली नाही. आधी चहा घेऊ म्हटलं, आणि यांचा काळा झालेला तो हात धरून लिफ्टकडे निघाले.