शिक्केकाकूंचा वर्ग

कुकरची दुसरी शिट्टी होते न होते तोच दार वाजलं. दारात समोरच्या इमारतीतल्या शिक्केकाकू. नगरपालिकेच्या आवक खिडकीत बत्तीस वर्षं लोकांच्या अर्जांवर तारखेचा शिक्का मारून निवृत्त झाल्या, म्हणून हे नाव.

"लेक उठली का? अकराच्या आत पोचायचंय. अंदाजपत्रकासाठी सूचना घ्यायचा आज शेवटचा दिवस."

"पण काकू, निवेदन तर गेल्या आठवड्यातच दिलं की. स्टेजवर!"

"दिलं. पोच कुठाय?"

मी गॅस बारीक केला.

दर रविवारी जिन्याच्या पायऱ्यांवर बसवून काकूंनी माझ्या लेकीसकट सात मुलांना शहराचं अंदाजपत्रक वाचायला शिकवलं होतं. "रडगाणं गाऊ नका, पान नंबर सांगा," हा त्यांचा धाक. मुलांनी पान शोधलंही: बंद पडलेल्या कारंज्याला रंग द्यायला तरतूद आहे, अभ्यासिकेच्या रस्त्यावर दिव्यांना नाही. लेकीच्या बाबांनी तर बजावलंच होतं, रस्त्यावर दिवे बसेपर्यंत संध्याकाळची अभ्यासिका बंद. आणि वर्ष दहावीचं.

काकू म्हणाल्या होत्या, खिडकीत द्या. मीच शहाणी, म्हटलं, "नगरपालिकेच्या कार्यक्रमात स्टेजवर द्या गं, मान मिळतो."

मिळाला की! 'युवकांचं अंदाजपत्रक' असा भिंतभर फलक, दीड तास उशिरा आलेले नगराध्यक्षसाहेब, आणि तुम्ही उद्याचे नागरिक आहात, हे चार वेळा. आजचे कोण, ते कुणी सांगितलं नाही. माझी मुलगी पान नंबर वाचत होती तेव्हा साहेब मोबाइलमध्ये होते; फोटोग्राफर पुढे आला तशी मान बरोब्बर वर आली. निवेदन घेतलं, हसले, मागे शिपायाकडे दिलं. शिपायाने ते पुष्पगुच्छांच्या ढिगात खोचलं. मुलांना प्रमाणपत्रं मिळाली. सातातल्या तिघांची नावं चुकलेली.

पावणेअकराला आम्ही निवेदनाच्या दोन प्रती घेऊन खिडकीपाशी. आतला कारकून काकूंच्याच हाताखाली तयार झालेला.

"काकू, तुम्ही? अहो, हे तर साहेबांनी स्वतः घेतलंय. पेपरात फोटोसुद्धा आला."

"फोटोला आवक क्रमांक पडतो का रे?"

तो ओशाळला. "नाही, पण इथे पुन्हा घेतलं तर साहेबांना वाटेल..."

"काय वाटेल? मुलांनी वाचलं म्हणून?" काकूंनी माझ्या मुलीला पुढे केलं. "क्रमांक नाही तो कागद बैठकीत जात नाही, हे तुला मी शिकवलंय. सांग गं, कितवं पान?"

"एकशे बारा," मुलगी म्हणाली. "कारंज्याची रंगरंगोटी. ती रक्कम दिव्यांना द्यावी."

कारकुनाने मागच्या केबिनकडे पाहिलं. मागे रांग वाढत होती. काकूंनी दोन्ही प्रती खिडकीतून आत सरकवल्या.

"दिवे तुझ्याकडे मागत नाही, बाबा. मूळ प्रत घे आणि आमच्या प्रतीवर आजच्या तारखेचा शिक्का मारून दे."